कुऱ्हाड आपली, दांडाही आपला

लाकूड फोडणे हे आमच्या आजोबांचे काम होते. पण कुऱ्हाड केव्हा उचलायची, हे ठरविणारे ते नव्हते. पाटलाच्या वाड्यात लग्न निघाले की सांगावा यायचा. दिवसभर ओंडके फोडायचे, ढीग लावायचा आणि दाराबाहेर उभे राहून मिळेल ती शिळी भाकर घेऊन घरी यायचे. ही महार वतनाची रीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले, ते याच राबवणुकीविरुद्ध. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने नष्ट झाली.

वतन गेले, तशी अनेक घरांतून कुऱ्हाडही गेली. त्यामागची चीड रास्तच होती. पण आज खेड्यातल्या आपल्या पुष्कळ घरी गॅसच्या जोडीला चूल आहे, आणि लाकूड फोडायची वेळ आली की कुऱ्हाड मागायला आपण दुसऱ्याच्या दारी जातो. कुऱ्हाड देणारा म्हणतो, "जाता जाता आमचेही चार ओंडके फोडून दे." म्हणजे वतन गेले आणि वेठ मागच्या दाराने परत आली! लाज वेठीची होती, हत्याराची नव्हे. म्हणून प्रत्येक घरी स्वतःचे हत्यार असावे आणि ते पारखून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेख.

लाकूड ओले असतानाच फोडावे

बाभूळ वाळली की लोखंडासारखी होते. ओली असताना तिचे तंतू मऊ असतात आणि ती सरळ चिरते. फोडलेले लाकूड लवकर वाळते. सबंध ओंडका मात्र आतून महिनोन् महिने ओला राहतो. ओल्या सरपणाचा धूर आपल्या माता-भगिनींच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. तेव्हा दिवाळीनंतर फोडावे, उन्हाळाभर वाळवावे आणि पावसाआधी आडोशाला रचावे. झाड तोडण्यापूर्वी परवानगी लागते का, ते तलाठ्याकडे विचारून घ्यावे.

कुऱ्हाड कशी पारखावी?

तोडायची कुऱ्हाड वेगळी, फोडायची वेगळी. तोडायची पातळ व धारदार असते. तिने फोडू गेलात तर ती लाकडात रुतून बसते. फोडायची कुऱ्हाड पात्यामागे दोन्ही बाजूंनी फुगीर हवी, म्हणजे ती फट रुंदावते. वजन दोन ते अडीच किलो पुरे. जड कुऱ्हाड मर्दुमकीची खूण नव्हे. चौथ्या घावाला हात भरून येतो आणि नेम चुकतो.

आम्ही एकदा बाजारातून लाल रंगाची चकचकीत कुऱ्हाड आणली. बाभळीच्या पहिल्याच गाठीवर तिची धार कागदासारखी दुमडली. रंगाखाली मऊ लोखंड होते. तेव्हापासून आम्ही खिशात लहान कानस घेऊनच बाजारात जातो. धारेवर कानस फिरवावी. ती लोण्यासारखी चालली तर लोखंड मऊ. नुसती घसरली तर पाणी जास्त बसले आहे, धारेचा टवका उडेल. थोडा जोर लावल्यावर जी धार कानस धरते, ती घ्यावी.

गावचा लोहार माहितीतला असेल तर त्याच्याकडूनच घडवून घ्यावी. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद यासाठी चांगले. भंगारातले जुने पातेही सोडू नये. गंज वरवरचा असतो. तडा मात्र पाहावा. पाते दोरीला टांगून दगडाने ठोकावे. खणखणीत वाजले तर घ्यावे, बद्द वाजले तर ठेवून द्यावे.

पाचर आणि घण

जाड ओंडक्याला दोन लोखंडी पाचरी आणि तीन-चार किलोचा घण हवा. ओंडक्याच्या तोंडाशी तडा असतोच. पहिली पाचर त्यातच ठोकावी, गाठीवर नव्हे. फट पडली की दुसरी पाचर पुढे लावावी, म्हणजे पहिली मोकळी होते. वाळल्या बाभळीच्या लाकडी पाचरी घरीच तासता येतात आणि फट उघडी ठेवायला त्या उत्तम.

कुऱ्हाडीच्या पाठीने पाचर कधीही ठोकू नये. दांड्याचे भोक फाकते. पाचरीचे डोके ठोकून ठोकून छत्रीसारखे पसरले की ते घासून काढावे. त्याची किरचण उडून डोळ्यात जाते. एका डोळ्याची किंमत कोणत्याही सरपणाला परवडत नाही. पाय फाकून उभे राहावे आणि मुलांना लांब ठेवावे.

दांडा

धावडा, तिवस, बाभूळ ही दांड्याची लाकडे. दांडा करवतीने कापलेला नको, फोडून काढलेला हवा. करवत तंतू मधेच कापते. फोडलेल्या लाकडात ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग राहतात, म्हणून तो मोडत नाही. ओले असताना फोडून ढोबळ तासावा, काही महिने सावलीत वाळवावा, मगच बसवावा. ओला दांडा वाळून आकसतो आणि पाते निसटून उडते. सैल दांडा पाण्यात बुडवून घट्ट करणे ही दोन दिवसांची फसवणूक आहे. काम झाले की पाते पुसून तेलाचा हात फिरवावा; ओल्या बाभळीचा रस लोखंड काळे करतो.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असे म्हणतात. दुसऱ्याच्या हुकमाने आपलाच माणूस आपल्यावर चालला तर ते खरे आहे. पण दांडा आपल्या मुठीत, आपल्या इच्छेने आणि ठरवलेल्या मजुरीने चालला, तर तोच घराचा आधार होतो. तेव्हा कोणी फोडून द्यायला बोलावले तर आधी मजुरी ठरवावी, मग कुऱ्हाड उचलावी. सम्यक आजीविका म्हणतात ती यापेक्षा फार वेगळी नाही.

संयुत्त निकायातल्या वासिजट सुत्तात तथागतांनी सुताराच्या वाकसाचा दृष्टान्त दिला आहे. वाकसाच्या दांड्यावर सुताराच्या बोटांचे ठसे उमटतात. आज किती झिजला, काल किती झिजला हे त्याला सांगता येत नाही. पण दांडा झिजला, हे तो पाहतो. साधना करणाऱ्याच्या मनातले मळही तसेच झिजत जातात, असे तथागत सांगतात.

आमच्या आजोबांच्या कुऱ्हाडीचा दांडाही असाच झिजलेला होता. त्यांची बोटे दुसऱ्याच्या सरपणासाठी झिजली. आपल्या मुलांच्या हाती दांडा द्यायचा तर तो त्यांच्या स्वतःच्या मालकीचा द्या. त्यावर उमटतील ते ठसे त्यांचे स्वतःचे असतील.

जयभीम!