जाळ किती घालायचा?

कोल्हापुरात गाडीच्या सायलेन्सरची पुंगळी काढणाऱ्यांचा तोटा नाही. पुंगळी काढल्यावर गाडी नेमकी किती जास्त पळते हे कुणी मोजत नाही, आवाज मात्र तीन गल्ल्यांना कळतो. गेल्या जानेवारीत राजारामपुरीत ताईकडे गेलो, तर माडीवरून तसलाच काहीतरी आवाज येत होता. "वर गिरण टाकलीस काय गं?" मी विचारलं. "तुझ्या भाच्याला विचार," ताई म्हणाली. "कॉम्प्युटर पळवतोय म्हणे."

पळवणं हा शब्द चपखल आहे. प्रोसेसरच्या आत सगळं काम एका ठेक्यावर चालतं. ४.६ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४६० कोटी ठोके. कंपनीनं ठरवून दिलेला हा ठेका आपण हातानं वाढवायचा, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. भाच्यानं तो ५ वर नेला होता आणि टेबलाखालच्या डब्यातले सगळे पंखे जिवाच्या आकांतानं फिरत होते.

ठेका वाढवता येतो, कारण कंपनी हातचं राखून विकते. एकाच सिलिकॉनच्या चकतीतून निघालेल्या चिपा सारख्या नसतात, काही दणकट, काही लेच्यापेच्या. डब्यावर छापायचा आकडा मात्र असा लागतो, की त्यातली अशक्त चिपसुद्धा उन्हाळ्यात, धुळीत, स्वस्तातल्या पंख्याखाली तो पाळेल. दणकट चिप ज्याच्या वाट्याला आली त्याला राखलेलं ते सगळं फुकटात मिळतं. या नादाचा सुवर्णकाळ म्हणजे १९९८. त्या वर्षी इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याचा मूळ ठेका ६६ मेगाहर्ट्झचा, त्याच्या साडेचारपट म्हणजे ३००. मदरबोर्डवर ६६ च्या जागी १०० केले की तीच स्वस्तातली चिप ४५० वर धावायची, आणि बहुतेक चिपा कुरकुर न करता धावायच्या. दीडपट वेग आणि खर्च शून्य. कोल्हापुरी माणसाला यापेक्षा गोड सौदा कुठला?

आता तो काळ नाही, आणि त्याचं कारण उष्णतेच्या हिशेबात आहे.

प्रत्येक ठोक्याला चिपेतले कोट्यवधी ट्रान्झिस्टर उघडतात आणि मिटतात. ठेका जलद केला की उघडमीट पुरी व्हायला वेळ अपुरा पडतो, उत्तरं चुकतात, कॉम्प्युटर अडकतो. त्यावर उपाय म्हणजे व्होल्टेज वाढवायचं, मग ट्रान्झिस्टर लवकर हलतात. पण खपणारी वीज ठेक्याच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. भाच्याला मी वहीच्या मागच्या पानावर गणित घालून दिलं. समजा ४.६ चे ५ केले आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ करावं लागलं. वेग वाढला पावणेनऊ टक्के. व्होल्टेज साडेबारा टक्क्यांनी वाढलं, त्याचा वर्ग केला की सुमारे सव्वापट. दोन्हींचा गुणाकार सुमारे १.३८. म्हणजे नऊ टक्क्यांपेक्षा कमी वेगासाठी ३८ टक्के जास्त उष्णता. प्रोसेसर खातो ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते, दुसरीकडे जायला तिला वाटच नाही.

पोरगं म्हणालं, "पण मामा, टेंपरेचर ८४ च दाखवतंय. लिमिट शंभर आहे." खरं होतं, पण तो जानेवारी होता. कूलर चिपेला थंड करतो म्हणजे खोलीच्या तापमानापेक्षा अमुक अंश वर धरून ठेवतो, त्याच्या खाली नेऊ शकत नाही. समजा आधीच्या सेटिंगला चिप खोलीपेक्षा ४५ अंश वर राहायची. ३८ टक्के जादा उष्णतेनं हा फरक ६२ होतो. खोलीत २२ अंश असताना ८४. एप्रिलच्या दुपारी माडीवरची खोली ३६ वर गेली की ९८. आणखी जरा तापली की चिप स्वतःच बिचकते आणि आपला ठेका कमी करते. म्हणजे आवाज पाचाचा, वीजबिल पाचाचं, आणि काम पुन्हा साडेचाराचं.

त्यात खोलीही स्थिर नसते. ग्राफिक्स कार्ड धरून चारशे वॅट खाणारी मशीन दार लावून चार तास चालवली, तर दीड युनिटहून जास्त वीज उष्णता होऊन त्याच खोलीत साचते. आपणच हीटर लावायचा आणि आपणच पंख्यावर चिडायचं.

त्याला पाण्याचं कूलिंग हवं होतं. पाणी म्हणजे गार, अशी आपली बाळबोध समजूत. पाणी उष्णता गिळत नाही, फक्त वाहून मोठ्या जाळीपर्यंत नेतं, आणि तिथं पुन्हा पंखे लागतातच. खोलीच्या खाली तेही जात नाही. फायदा इतकाच, की जाळी मोठी असल्यानं पंखे सावकाश फिरले तरी भागतं.

आवाजाचा हिशेब उष्णतेपेक्षाही खडूस आहे. पंख्याचे फेरे वाढवले की हवा त्याच प्रमाणात वाढते, पण आवाज उड्या मारत चढतो. पंखेवाल्या इंजिनिअरांचा ठोकताळा असा, की फेरे दुप्पट केले तर आवाज सुमारे १५ डेसिबलनं वाढतो, आणि साधारण १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. हजाराचे दीड हजार फेरे केले तरी नऊएक डेसिबल चढतात. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. कॉम्प्युटरसाठी कुणी पोलिसात जाणार नाही, पण शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या आजीला नियमाचं पुस्तक लागत नाही. म्हणून पंखा मोठा घ्यावा आणि सावकाश फिरवावा. आणखी एक गोष्ट ताईनंच माझ्या लक्षात आणून दिली. सतत चालणाऱ्या आवाजाची सवय होते, सारखा चढणारा-उतरणारा आवाज डोक्यात जातो. चिपेचं तापमान क्षणात दहा-पंधरा अंश उसळतं आणि क्षणात उतरतं, पंखा त्याच्यामागं धावला की घरघर-शांत-घरघर सुरू होते. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगांत, पंख्याला काही सेकंद थांबून मग वेग बदलायला सांगता येतं. एका पैशाचा खर्च नाही, आणि ताईच्या मते सगळ्या उपद्व्यापातली हीच एक उपयोगी गोष्ट.

मला या सगळ्यात आमच्या पन्हाळ्याकडचं गुऱ्हाळ आठवत राहिलं. काहिलीत रस उकळत असतो, खाली चुलवाणात चिपाडं पडत असतात, आणि सगळा भार गुळव्याच्या नजरेवर. ११५ ते ११८ अंशांच्या आसपास पाक उतरवायचा. थर्मामीटर कुठला, थोडा पाक पाण्यात टाकून गोळी बोटांत दाबून बघायची. जाळ जास्त झाला तर गूळ करपून काळा पडतो आणि भाव जातो. कच्चा उतरवला तर वाफ्यात ओतताना कळत नाही, ढेप बरी दिसते, पावसाळ्यात पाघळते. ओव्हरक्लॉकिंगची तीच गत. दहा मिनिटांच्या चाचणीत पास झालेली मशीन एप्रिलात पाघळते. अडकून बंद पडली तर नशीब, कारण कधी ती बंद न पडता गुपचूप एखादा आकडा चुकवते आणि फाइल बिघडवून ठेवते. म्हणून प्राइम९५ सारखी चाचणी तासन्‌तास चालवायची, तीही भर दुपारी, खिडक्या लावून. जुना गुळव्या काहिलीपुढून उठून जेवायला जात नाही.

कारखानदारांनाही जाळाचा अंदाज चुकलाय. पेंटियम ४ च्या जमान्यात १० गिगाहर्ट्झची भाषा चालली होती. २००४ मध्ये इंटेलनं त्याचं ४ गिगाहर्ट्झचं मॉडेल आणायचा बेतसुद्धा सोडला, कारण उष्णता आवरेना. मग एका घोड्याला चाबूक मारण्याऐवजी चार घोडे जुंपायचं ठरलं आणि मल्टिकोर आले. १० चा आकडा अजून कुणाला गाठता आलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कोअर आय९-१३९००के या चिपेनं ९ ची रेघ ओलांडली, पण डोक्यावर उणे २६९ अंशांच्या घरातलं द्रवरूप हेलियम ओतून, आणि तेवढ्याच क्षणापुरती. ती कुस्ती खासबागेतली. रोज तालमीत घुमायचं ते वेगळं.

घरी वापरायच्या चिपांची आजची अडचण उलटी आहे. हातचं राखणं कंपनीनं जवळजवळ बंद केलंय. तीच आय९ कारखान्यातूनच ५.८ पर्यंत उडी मारते आणि २५३ वॅटपर्यंत खाते. एएमडीनं रायझन ७००० आणताना सांगून टाकलं, की पूर्ण कामावर ९५ अंश ही या चिपांची नेहमीचीच जागा. पुंगळी काढूनच गाडी शोरूममध्ये उभी आहे म्हणा. आणि २०२४ मध्ये तर इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या बऱ्याच चिपा जादा व्होल्टेजनं कालांतरानं अस्थिर होऊ लागल्या. ऑगस्टमध्ये कंपनीला दुरुस्तीचा मायक्रोकोड सोडावा लागला, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवावी लागली.

म्हणून आता खरा कारागीर तो, जो जाळ ओढून घेतो. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. ठेका आहे तसा ठेवायचा आणि व्होल्टेज थोडं थोडं उतरवत न्यायचं, जिथं चिप चुकायला लागते तिथून दोन पायऱ्या मागं यायचं. दणकट चिपेतलं राखलेलं या वाटेनंही हाती लागतं, फक्त वेगाऐवजी शांततेच्या रूपात. तोच वर्गाचा नियम इथं आपल्या बाजूनं लागतो. व्होल्टेज पाच टक्के कमी केलं की उष्णता जवळपास दहा टक्के घटते, वेग तोच. मग पंखे मंदावतात. मग घरातला युपीएससुद्धा तग धरतो. ६०० व्हीएचा युपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. पळवलेली मशीन त्यावर असेल, तर लाईट गेल्यागेल्या दोघंही एकदम मान टाकतात.

भाच्याला हे सगळं पटलं असं नाही. "अंडर म्हटलं की कमीपणा वाटतो मामा," म्हणाला. पण मार्चमध्ये चिप ९५ च्या पुढं जायला लागली आणि तो आपणहून बसला. दोन रविवार त्यात गेले. पंख्यांच्या पात्यांत रस्त्यावरच्या धुळीची जाडजूड गादी बसली होती, ती ब्लोअरनं उडवली. उडवताना पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर पंखा भन्नाट फिरून बेअरिंग जातं. चिप आणि कूलर यांच्यामधली वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. समोरचं काचेचं दार काढून जाळी बसवली, त्यातला रंगीत उजेड गेल्याचं त्याला दुःख आहे.

आता त्याच्या बायोसमध्ये तीन सेटिंगं जपून ठेवलेली आहेत. पहिल्याचं नाव 'उन्हाळा', व्होल्टेज उतरवलेलं, रोजच्या कामाचं. दुसरं 'थंडी', जरासं ढिलं. तिसरं ५ गिगाहर्ट्झवालं जसंच्या तसं. ते मित्र आले की दाखवायला.