कळपाचे धनी आणि रानाचा हक्क: परभणीतील गैरसमज व वस्तुस्थिती

इंग्रजी अमदानीतला बडा मेंढीमालक म्हटला की हजारो एकर कुरण आणि लोकरीचे गठ्ठे, असे ऑस्ट्रेलियाचे चित्र समोर येते. परभणीला ते लागू पडत नाही. 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हिंगोलीच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची पलटण होती. महसूल मात्र निजामाचा होता.

ज्याचा कळप मोठा, त्याचे रानही मोठे, हा सर्वांत पक्का गैरसमज. ऑस्ट्रेलियात जॉन मॅकार्थरला 1805 मध्ये सरकारने 5,000 एकर जमीन दिली आणि तिच्यावर मेरिनो मेंढ्यांची पैदास वाढली. इकडच्या धनगराचा कळप गायरानावर, पडीक माळावर आणि सुगीनंतर मोकळ्या झालेल्या शेतांत चरे. त्यासाठी वाडा, म्हणजे कळपासह कुटुंबाचा तळ, हलता ठेवावा लागे आणि गावोगावच्या पाटलांशी सलोखा राखावा लागे. पिढ्यान्‌पिढ्या टिकवलेली ही ओळख हेच त्याचे खरे भांडवल होते.

लोकर हे मुख्य उत्पन्न, हाही गैरसमजच. दख्खनी मेंढीची लोकर राठ, बहुतेक काळी. वर्षाकाठी एका मेंढीची किलोभरही क्वचितच निघते. गिरणीच्या तलम कापडाला ती चालत नाही, घोंगडीला मात्र उत्तम. खरी मिळकत कोकरांच्या विक्रीतून आणि खतातून होई. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेई. संध्याकाळी वाघूर, म्हणजे जाळे, लावून कळप आत कोंडायचा आणि दुसऱ्या रात्री जाळे पुढच्या पट्ट्यात सरकवायचे. लेंड्या आणि मूत जागेवरच पडत असल्याने खत वाहून नेण्याचा खर्च वाचे. मोबदला बहुधा ज्वारीत मिळे. काळ्या जमिनीच्या कसात या रात्रींचा मोठा वाटा आहे आणि त्याची दखल फार कमी घेतली गेली आहे.

कळपातली प्रत्येक मेंढी मालकाचीच असते, असेही नाही. इतरांच्या मेंढ्या राखोळीने, म्हणजे मोबदला घेऊन, सांभाळण्याची रीत जुनी आहे.

धनगर म्हणजे केवळ मेंढरांमागे फिरणारा गरीब, ही समजूत तर अन्यायाचीच. या भागातील हटकर धनगर नाईकांच्या गढ्या होत्या, हत्यारबंद माणसे होती. 1819 मध्ये मेजर पिटमन या इंग्रज अधिकाऱ्याच्या फौजेने नोवसाजी नाईकाच्या नाव्हा येथील गढीला वेढा घातला, तेव्हा आतल्या शिबंदीने शेवटपर्यंत झुंज दिली.

तरीही कळपाची श्रीमंती नाजूक होती. चारा-पाणी आटले की मेंढ्या मरत, आणि 1899-1900 च्या दुष्काळाने मराठवाड्याला जबर तडाखा दिला. त्याच सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे परभणीवरून सुरू झाली. कापसाला दूरची बाजारपेठ मिळाली, पडीक रान नांगराखाली येऊ लागले आणि ज्या माळावर धनगराचा कागदोपत्री हक्क नव्हता, तो चराईतून गेला.