संस्कृतच्या मास्तराची अरबी

जन्मभर दिग्रसच्या शाळेत संस्कृत शिकवलं. निवृत्तीनंतर अरबी धरली, तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, मास्तर आता दुबईला निघाले! आपल्या बाजूच्याच वर्धा जिल्ह्यातल्या विनोबांनी कुराण मुळातून वाचता यावं म्हणून अरबी शिकून घेतली आणि १९६२ साली 'कुरआन-सार' दिलं, हे त्यांना सांगावं लागलं.

अक्षरं अठ्ठावीस, उजवीकडून डावीकडे. ती महिन्याभरात बसतात. घाम फोडतो तो उच्चार. घशातून काढायचा ऐन, जड साद, त्याहून जड दाद. मशिदीतल्या मौलानांनी मला पोरांच्या रांगेत बसवून 'नूरानी कायदा' ही अक्षरओळखीची पोथी म्हणून घेतली. "जबान से नहीं गुरुजी, हलक से!" अरबांची अडचण वेगळी. त्यांच्या वर्णमालेत 'प'च नाही, त्यामुळे आपलं पुसद तिथे 'बुसद' होतं. उच्चार देवनागरीत टिपून ठेवू नका. त्यांचे दोन निरनिराळे 'ह' आपल्या एका 'ह'मध्ये कोंबले की ती चूक पुढे निघता निघत नाही.

व्याकरण मात्र मला माहेरासारखं वाटलं. द्विवचन आहे, विभक्ती आहेत (तीनच, देवाची कृपा), आणि धातूही आहेत, बहुतेक तीन व्यंजनांचे. ऐन-लाम-मीम घ्या : अलिमा म्हणजे त्याने जाणलं, अल्लमा शिकवलं, तअल्लमा तो शिकला, मुअल्लिम म्हणजे शिक्षक. हान्स वेअरचा प्रसिद्ध कोश धातूंनुसारच लावलेला आहे. त्यात 'मुअल्लिम' मीमखाली नाही, ऐनखाली सापडतो. पाठ्यपुस्तक म्हणून मी डॉ. व्ही. अब्दुर रहीम यांची 'मदिना' मालिका वापरली. हे गृहस्थ तमिळनाडूतल्या वानियंबाडीचे, मदिनेच्या विद्यापीठात परदेशी मुलांना अरबी शिकवायचे.

खरी गळती होते ती मध्यावर. वर्तमानपत्रात ऱ्हस्व स्वर छापत नाहीत, ते वाचणाऱ्याने व्याकरणाच्या जोरावर भरायचे. म्हणजे आधी समजायचं, मग वाचायचं! इथे वर्षं जातात. त्यात ग्रंथांची प्रमाण अरबी, म्हणजे फुसहा, वेगळी आणि कैरोच्या रस्त्यावरची बोली वेगळी. नोकरीसाठी आखातात जाणाऱ्याने तिथली बोली कानावर घ्यावी. ज्याला वाचायचंय त्याने फुसहाच धरावी. दोन्ही एकदम धरणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

शिकायचं मनात असेल तर आधी जवळच्या मकतबात, म्हणजे मशिदीतल्या शाळेत, जाऊन विचारा. मोबाइलवरचे धडे नंतरही होतील, पण ऐन चुकला की तिथल्या तिथे थांबवणारा माणूस समोर हवा.