कार्ड नाही, म्हणून सिबिल नाही?

‘साहेब, कार्ड नाही म्हणजे सिबिल नाही. सिबिल नाही म्हणजे उद्या होम लोन नाही.’ घाटकोपर स्टेशनबाहेर किंवा अंधेरीच्या मॉलमध्ये फॉर्म घेऊन उभा असलेला पोरगा असं म्हणतो, तिथवर ठीक. त्याला महिन्याचं टार्गेट गाठायचं असतं. पण हल्ली हेच वाक्य बोरिवलीच्या लग्नाच्या पंगतीत काका पुतण्याला ऐकवतात, आणि पहिला पगार खात्यात पडायच्या आत पुतण्या क्रेडिट कार्डासाठी अर्ज करून मोकळा.

सिबिल ही मुंबईतलीच कंपनी, २००० साली स्थापन झालेली. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा तिच्यासारख्या आणखी तीन. बँका आणि वित्त कंपन्या तुमच्या कर्जफेडीची माहिती या चौघींना पाठवतात, त्यावरून ३०० ते ९०० मधला स्कोअर निघतो. त्यासाठी कार्डच हवं, असं कुठेही नाही. दुकानातून हप्त्यावर घेतलेला फ्रिज, स्कूटरचं कर्ज, शैक्षणिक कर्ज, सोनेतारण, सगळं धरलं जातं. मुलुंडच्या एखाद्या सहकारी बँकेचं कर्जही, कारण २०१५ पासून सहकारी बँकांनाही या चारही कंपन्यांचं सदस्यत्व सक्तीचं आहे.

खरी गोची पतपेढीची. ऑफिसच्या क्रेडिट सोसायटीचे हप्ते वर्षानुवर्षं पगारातून कापून दिलेली माणसं ‘आमचा रेकॉर्ड स्वच्छ आहे’ म्हणत बँकेत जातात आणि तिथे पाटी कोरी निघते. पतपेढ्या सहकार खात्याच्या अखत्यारीत, रिझर्व्ह बँकेच्या नाहीत. तिथली फेड बहुधा या कंपन्यांपर्यंत पोचतच नाही. भिशीचं तर नावच नको. वेळेवर भरलेलं लाइट बिलही कामाचं नाही, मग ते मुलुंडचं महावितरणचं असो की बोरिवलीचं अदानीचं.

पण कोरी पाटी म्हणजे खराब पाटी नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी संसदेत स्पष्ट केलं, की कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने कोणताही किमान स्कोअर ठरवलेला नाही, आणि पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुनी नोंद नाही म्हणून नाकारू नये, असं बँकांना बजावलेलं आहे. पगार, नोकरी, देणी बँक तपासणारच. ते तिने तपासायलाच हवं.

मग कार्ड घ्यावं का? दर महिन्याला पूर्ण बिल भरायची शिस्त असेल तर खुशाल घ्या. वार्षिक शुल्क नसलेलं घ्या, बिल खात्यातून आपोआप वळतं करा. साधारण सहा महिन्यांत स्कोअर दिसू लागतो. बँक देत नसेल, तर मुदत ठेवीवर कार्ड मिळतं. दोन महिन्यांत घरासाठी अर्ज करायचा असेल तर मात्र आत्ता कार्डाच्या भानगडीत पडू नका. नोंद तयार व्हायला तेवढा वेळ पुरत नाही, आणि कार्डाच्या अर्जामुळे झालेली चौकशी तेवढी अहवालात दिसते.

आता डोकं फिरवणारा प्रकार. ‘पूर्ण बिल भरू नकोस, थोडी बाकी ठेव, मिनिमम भरत राहा, स्कोअर वाढतो.’ कोण शिकवतं हे? हिशेब करू. बाकी ५०,०००. महिना साडेतीन टक्के व्याज धरलं तर १,७५०. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३१५. मिनिमम म्हणून पाच टक्के, म्हणजे २,५०० भरलेत, आणि मुद्दल घटलं ४३५ रुपयांनी! शिवाय बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. स्कोअरला याचा फायदा शून्य. उलट मर्यादेच्या मानाने वापर सतत जास्त दिसला तर तो घसरतो. कायदा वाचवेल या भ्रमातही राहू नका. वर्षाला तीस टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ सालचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

बाकीचे गैरसमज किरकोळ. स्वतःचा स्कोअर पाहिल्याने तो कमी होत नाही. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा नियम २०१७ पासून आहे. डेबिट कार्ड आणि खात्यातून होणारं यूपीआय मोजलं जात नाही. यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड मोजलं जातं. नवऱ्याच्या कार्डावरचं ॲड-ऑन वापरून बायकोचा स्कोअर बनत नाही, नोंद नवऱ्याच्याच नावावर होते. ‘सेटलमेंट’ केलं म्हणजे सुटलो, असंही नाही. अहवालात तसा शेरा राहतो. आणि ‘एकदा घेतलेलं कार्ड बँक बंदच करू देत नाही’ हे तर साफ खोटं. बाकी शून्य असेल तर विनंतीनंतर कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला ५०० रुपये द्यायचे, असा २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.