भयाचा संवाद आणि वाचकाचे दायित्व

भीतीसारखी दुःखद भावना आस्वाद्य कशी होते, या प्रश्नाला अभिनवगुप्ताने दिलेले उत्तर साहित्यशास्त्राच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे जिवाच्या आकांताने धावणारे हरिण त्याने भयानक रसाचे उदाहरण म्हणून घेतले. त्या हरिणाचे भय प्रेक्षकाला जाणवते. परंतु ते त्याचे स्वतःचे नसते, शत्रूचे नसते, मित्राचेही नसते. स्थळकाळाच्या बंधनातून सुटून ते केवळ भय म्हणून उरते, आणि म्हणूनच त्याचा रस होतो. मात्र या उपपत्तीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. प्रेक्षक आपल्या आसनावर बसलेला आहे. बाण सोडावयाचा की नाही, हे त्याला कोणी विचारीत नाही.

हाच प्रश्न प्रेक्षकाला विचारला तर रसाचे काय होईल? संवाद आणि निवड यांवर उभारलेल्या संगणकावरील भयकथांनी ही शंका केवळ तात्त्विक राहू दिलेली नाही. या प्रकाराचे एक लक्षणीय उदाहरण म्हणून 'स्ले द प्रिन्सेस' या खेळाचा विचार करता येईल. कॅनडातील ब्लॅक टॅबी गेम्स या छोट्या संस्थेने तो ऑक्टोबर 2023 मध्ये प्रसिद्ध केला, आणि 2024 मध्ये त्याची विस्तारित आवृत्ती निघाली. अ‍ॅबी हॉवर्ड आणि टोनी हॉवर्ड-एरियस हे त्याचे कर्ते. चित्रे पेन्सिलीने हाती काढलेली आहेत. खेळणाऱ्याच्या अंगी चापल्य असण्याची गरज नाही. पडद्यावर येणाऱ्या वाक्यांतून एक वाक्य निवडावयाचे, एवढीच त्याची कृती.

कथेचा आरंभ परीकथेसारखा आहे. अरण्यातील वाटेवर नायक उभा आहे. वाटेच्या शेवटी एक झोपडी, झोपडीखाली तळघर आणि तळघरात साखळीने बांधलेली एक राजकन्या. तिचा वध केला नाही तर जगाचा अंत होईल, असे निवेदक बजावतो. तो का होईल, हे मात्र तो सांगत नाही. वर मेजावर सुरी ठेवलेली आहे. ती हाती घेऊन नायक खाली उतरला, तर राजकन्या थंड, सावध आणि परखड भासते. रिकाम्या हाताने गेला, तर तीच सौम्य आणि असहाय दिसते. खेळाचे सारे मर्म या पहिल्याच भेदात साठविलेले आहे. राजकन्या कोण आहे, हे आधी ठरलेले नाही. नायक तिला कोण समजून भेटतो, त्यावर ते ठरते.

पहिली फेरी बहुधा मृत्यूने संपते आणि नायक पुन्हा त्याच वाटेवर येतो. निवेदकाला मागचे काही आठवत नाही, नायकाला आठवते. आता त्याच्या मनात एक नवा आवाज बोलू लागतो. मागच्या फेरीत तो हट्टाने लढला असेल तर तो आवाज हट्टी असतो, खचला असेल तर भग्न, मोहित झाला असेल तर प्रेमविव्हल. राजकन्याही त्याच मापाने बदलते. लढणाऱ्यापुढे ती युद्धोत्सुक प्रतिस्पर्धिनी होऊन येते, शरण गेलेल्यापुढे आज्ञा करणारी प्रचंड देवता होऊन येते, आणि जो तिला भिऊन कोंडून ठेवतो त्याच्यापुढे मूर्तिमंत दुःस्वप्न होऊन येते.

यांतील सर्वांत अस्वस्थ करणारे रूप राक्षसी नाही. नायकाने तिच्यावर निःशंक प्रेम केले असता ती लाघवी, आज्ञाधारक कन्या होते. तुला काय हवे आहे, असे तिला विचारले असता तुझे सुख, याखेरीज तिच्यापाशी उत्तर नसते. प्रश्न जसजसे वाढतात तसतशी तिची आकृती पोकळ होत जाते. आराधनेनेही दुसऱ्याचे माणूसपण हिरावले जाते, हा विचार येथे उपदेशातून सांगितलेला नाही. वाचकाने स्वतः निवडलेल्या गोड वाक्यांतूनच तो त्याच्यावर येऊन कोसळतो.

वाचकाच्या हाती निवड दिली की कलाकृतीची एकात्मता भंगते, असा आक्षेप यावर घेतला जाईल. परंतु येथील प्रत्येक पर्याय लेखकानेच लिहिलेला आहे. एकात्मता घटनांच्या क्रमात नसून वाक्य आणि त्याचा परिणाम यांतील अटळ संबंधात आहे. शिवाय हा बंध भारतीय कथापरंपरेला अगदी अपरिचित नाही. 'कथासरित्सागरा'तील वेताळ राजाला गोष्ट सांगून प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटेल. बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर जाईल. स्मशानातील त्या कथेचे भय प्रेतापेक्षा बोलण्याच्या सक्तीत अधिक आहे. भेद एवढाच की तेथे उत्तर राजा देतो, येथे ते वाचकाला द्यावे लागते.

मग हे भय वैयक्तिकच राहते काय? तसे राहिले असते तर तो रस न होता केवळ दचका झाला असता. खेळाने यावर दोन उपाय योजले आहेत. पहिला पुनरावृत्तीचा. तीच वाट, तीच झोपडी, तेच जिने वारंवार समोर आल्याने वाचक घटनेकडून आपल्या निवडीच्या आकृतिबंधाकडे वळतो. दुसरा उपाय आवाजांचा. निवेदक आणि मनातील सर्व आवाज जोनाथन सिम्स या एकाच नटाने दिले आहेत. राजकन्येची सर्व रूपे निकोल गुडनाइट हिच्या आवाजात बोलतात. भ्याड, हट्टी, संशयी असे आपलेच अंश परस्परांशी भांडताना ऐकू येतात, तेव्हा वाचक कर्ता असूनही स्वतःचा प्रेक्षक होतो. झोपडीत एक आरसाही येतो आणि निवेदक त्याचे अस्तित्वच नाकारतो, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. साधारणीकरण येथे आरंभी सिद्ध नसते. कृतीनंतर, पश्चात्तापाच्या वाटेने ते घडते.

ही रचना निर्दोष मात्र नाही. निवेदकाला जगातून मृत्यूच नाहीसा करावयाचा होता, हे उत्तरार्धात उलगडते आणि मृत्यू, परिवर्तन, शाश्वती यांची चर्चा सुरू होते. तेथे संवाद प्रवचनाकडे झुकतो आणि भय विरळ होते. तळघरातील अबोल क्षणाने जे सांगितले, तेच पुढे शब्दांनी पुन्हा सांगितले जाते.

तरीही खेळाचे महत्त्व उणावत नाही. आस्वादकाच्या निर्दोषत्वावर त्याने ठेवलेले बोट सहज बाजूला सारता येणार नाही. हरिणाचे भय अनुभवणारा प्रेक्षक नाट्यगृहातून निष्कलंक बाहेर पडे. येथे मात्र धनुष्य त्याच्याच हाती असते, आणि समोरचे हरिण आहे की श्वापद, हे त्याने प्रत्यंचा ओढली की नाही त्यावरून ठरते.