शिल्लक दिसते ती सारी आपली नव्हे

इंदूरहून महूकडे जाताना वाटेत राऊ लागते. एके काळचे हे लहान गाव आता शहराला येऊन भिडले आहे. जवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांत काम करणारे पुष्कळ तरुण तेथे भाड्याच्या खोल्या घेऊन राहतात. गेल्या पावसाळ्यात काही कामानिमित्त आम्ही तिकडे निघालो, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील एका माउलीने आम्हांला बजावले, "फादर, तीन आठवडे झाले, पोरगा फोन उचलत नाही. एवढे त्याला बघून या."

पोरगा सुखरूप होता, पण लाजेने खचलेला होता. हकीकत अशी. त्याच्या खात्यात 4,350 रुपये होते. मोटारसायकलच्या कर्जाचा 2,450 रुपयांचा हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेस खात्यातून आपोआप जात असे. 3 तारखेस त्याने 1,950 रुपयांचा जिन्नस घेतला व डेबिट कार्डाने पैसे दिले. दुकानदाराच्या यंत्राने व्यवहार झाला नाही असे सांगितले, परंतु मोबाईलवर मात्र पैसे वजा झाल्याचा निरोप आला. दुकानदार थांबेना, म्हणून त्याने आईला पाठविण्यासाठी बाजूला ठेवलेल्या रोख पैशांतून बिल भागविले. खात्यात उरले 2,400. हप्त्याला पन्नास रुपये कमी पडले, आणि तो परत गेला. त्यापायी बँकेने आकार लावला, कर्ज देणाऱ्या कंपनीनेही लावला. दोन्ही मिळून नऊशे रुपयांच्या वर गेले. अडकलेले 1,950 रुपये 7 तारखेस मुकाट्याने परत आले!

"फादर, पैसे माझे, अडकले त्यांच्याकडे, आणि दंडही मीच भरायचा?" त्याने विचारले. प्रश्न रास्त होता, म्हणूनच तो आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे कसे घडते ते पाहू. कार्ड यंत्रात घातले म्हणजे दुकानदाराच्या बँकेकडून आपल्या बँकेला विचारणा जाते. आपली बँक रक्कम वजा करून होकार कळविते. तो होकार वाटेत तुटला, तर दुकानदाराला पैसे पोहोचत नाहीत आणि आपल्या खात्यातही ते दिसत नाहीत. दोन्ही बँकांचे हिशेब जुळेपर्यंत रक्कम अधांतरी राहते. यालाच प्रलंबित व्यवहार म्हणतात.

याविषयी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2019 मध्ये नियम घालून दिला आहे. दुकानातील असा फसलेला व्यवहार, किंवा एटीएममधून न मिळालेली पण खात्यातून वजा झालेली रक्कम, व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत परत झालीच पाहिजे. त्याहून उशीर झाल्यास दर दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता, बँकेने द्यावयाची आहे. आमच्या तरुणाचे पैसे मुदतीत आले, म्हणून ही भरपाई त्याला लागू नव्हती. तथापि आम्ही दोघांनी बसून बँकेला अर्ज लिहिला व व्यवहार फसल्याचा निरोप सोबत जोडला. बँकेने आपला आकार परत केला. कंपनीने मात्र केला नाही. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, अथवा दिलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते, हेही ध्यानात असावे.

अमेरिकेत असे खाते पुष्कळदा शिलकीखाली जाऊ देतात आणि त्याबद्दल वेगळा आकार घेतात. एकेका खेपेस सुमारे 35 डॉलर हा तेथील दीर्घकाळचा रिवाज. आपल्याकडील साध्या बचत खात्यात बहुधा तसे घडत नाही. हप्ताच परत जातो. परंतु दोन्हीकडे भार पडतो तो ज्याच्याजवळ कमी आहे त्याच्यावरच.

हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. 1462 साली इटलीतील पेरुजा येथे फ्रान्सिस्कन संन्याशांच्या पुढाकाराने गरिबांसाठी गहाणपेढी निघाली. अशा पेढ्यांनी थोडासा आकार घ्यावा की नाही, यावर मोठा वाद माजला. 1515 साली पाचव्या लॅटरन परिषदेने निर्णय दिला की, पेढीचा खर्च भागण्यापुरता आकार घेण्यास हरकत नाही. नफ्यासाठी मात्र तो घेऊ नये. किमान शिलकीच्या दंडाबाबत रिझर्व्ह बँकेचा 1 एप्रिल 2015 पासूनचा नियमही याच वाटेने जातो. दंड तुटीच्या प्रमाणात असावा, सेवेच्या खर्चाशी सुसंगत असावा, आधी ग्राहकाला कळवून एक महिन्याची मुदत द्यावी, आणि केवळ त्या दंडापायी बचत खाते उणे होऊ नये. ज्यांना किमान शिलकीचा भार सोसत नाही, त्यांनी मूलभूत बचत खाते मागावे. त्यात किमान शिलकीची अट नसते.

इतके बँकांविषयी झाले. आपलेही काही कर्तव्य आहे. मनोरा बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. खात्यात दिसणारी शिलकीची रक्कम सारी आपली नसते. तिच्यातील हप्ता आपण आधीच दुसऱ्याला देऊ केलेला असतो. म्हणून पगार होताच हप्त्याची रक्कम आणि तिच्यावर दोन-चारशे रुपये खात्यात राहू द्यावेत, व त्यांना हात लावू नये. व्यवहार फसला तर यंत्रातून निघालेली चिठ्ठी फाडून टाकू नये, त्याच दिवशी बँकेत तक्रार नोंदवावी. हप्ता चुकणार असे दिसले, तर आदल्या दिवशीच घरी सांगावे. आमच्या तरुणाने पन्नास रुपये आईकडे मागितले असते, तर तिने ते शेजारणीकडून आणूनही पाठविले असते. नऊशे रुपये गेले ते पन्नास रुपयांच्या तुटीमुळे खरे, पण तीन आठवडे मायलेकरांत अबोला राहिला तो केवळ लाजेमुळे.

पैशाची अडचण हे पाप नव्हे. ती लपविल्याने मात्र वाढते. आईवडिलांनीही पहिला प्रश्न "पैसे कुठे उडवलेस?" असा करू नये, "काय झाले, बाळा?" असे विचारावे. त्या रात्री आमच्यासमोरच त्याने आईला फोन लावला. पैशांचा विषय निघण्याआधीच तिने विचारले, "जेवलास का?"