फिंच पाळताय? पिंजऱ्याची उंची नाही, लांबी बघा. आणि जाळी कशाची आहे तेही विचारा!

झेब्रा फिंच हा वजनाला साधारण 12 ग्रॅमचा पक्षी. चहाचे तीन चमचे साखर घेतली की तेवढंच वजन होतं. आकार लहान, किंमत कमी, आवाजाचा त्रास नाही, त्यामुळे फ्लॅटमध्ये पक्षी पाळायचा म्हटलं की बरेच जण याच्यापासून सुरुवात करतात. दुकानदार जोडी देतो, सोबत एक पिंजराही देतो. गडबड इथेच होते. तो पिंजरा बहुतेक वेळा बजरीगरसाठी, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात त्या छोट्या पोपटासाठी बनवलेला असतो.

आता तुम्ही म्हणाल, पक्षी तो पक्षी, काय फरक पडतो?

फरक असा, की पोपट चोचीने तारा धरून वर-खाली चढतो. त्याला उंच पिंजरा चालतो. फिंच चढत नाही, तो आडवा उडतो. या दांडीवरून त्या दांडीवर, दिवसभर. चार फूट उंच आणि दीड फूट रुंद असा ‘टॉवर’ घेतला, तर फिंच वरच्या फूटभर जागेतच राहतो आणि खालचे तीन फूट फुकट जातात. म्हणून फिंचसाठी पिंजऱ्याची लांबी मोजायची. एका जोडीला निदान 24 इंच, आणि जागा असेल तर 36 इंच. दोन दांड्या दोन टोकांना लावायच्या आणि मधली जागा मोकळी सोडायची. मध्ये झोपाळे, घंट्या, आरसे टांगले की उडायची वाट बंद होते.

गोल पिंजऱ्याबद्दल ‘त्यात पक्ष्याला वेड लागतं’ असं सांगतात. ते सोडून द्या. साधं कारण पुरेसं आहे: गोल पिंजऱ्यात उडायला सरळ अंतर मिळत नाही. फोटोत तो छान दिसतो, एवढाच त्याचा उपयोग.

दुसरी गोष्ट तारांमधलं अंतर. हे 1 सेंटीमीटरच्या आसपास हवं, अर्ध्या इंचापेक्षा जास्त अजिबात नको. मोठ्या पोपटाच्या पिंजऱ्यात ते पाऊण ते एक इंच असतं. तिथून फिंच निसटतो किंवा त्याची मान अडकते, आणि दुसरा प्रकार जास्त वाईट. दारंही तपासा. स्वस्त पिंजऱ्यांची दारं वर सरकवायची असतात आणि त्यांना कडी नसते. दाणे बदलताना दार जरा वर राहिलं की पक्षी बाहेर. कपडे वाळत घालायचा चिमटा लावला तरी काम भागतं.

आता मुख्य मुद्दा, जाळी कशाची?

बाजारात सगळ्यात जास्त मिळते ती जीआय जाळी. लोखंडाच्या तारेवर जस्ताचा थर दिलेला असतो, म्हणून ती गंजत नाही. पण हेच जस्त पोटात गेलं तर पक्ष्याला विषारी ठरतं. नव्या जाळीवर, विशेषतः तारा जिथे एकमेकींना जोडलेल्या असतात तिथे, जस्ताचे बारीक थेंब आणि पापुद्रे राहिलेले असतात. पक्षी ते टोचून खातो. धान्य दळायला त्याच्या पोटात जी पेटी असते तिच्यात हा तुकडा अडकून बसतो, आणि तिथल्या आम्लात जस्त हळूहळू विरघळून रक्तात जातं. पक्षी फुगून बसतो, विष्ठा पाण्यासारखी होते, दांडीवर तोल राहत नाही. पक्षी पाळणाऱ्यांमध्ये याला ‘न्यू वायर डिसीज’ असंच नाव आहे, कारण हे नव्या कोऱ्या पिंजऱ्यात घडतं. मालकाला वाटतं, पिंजरा तर नवाच आणला होता, मग झालं काय?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पोपटाला हा धोका जास्त, कारण तो जाळी चावत बसतो. फिंचची चोच दाणे सोलायची, तार कुरतडायची नाही. म्हणून जीआय जाळीत वर्षानुवर्षं ठणठणीत राहिलेले फिंचही असतात. पण 12 ग्रॅमच्या शरीराला विषाचा डोस किती लागणार? सुटा पापुद्रा टोचायला फिंचलाही वेळ लागत नाही. त्यामुळे जीआय जाळी वापरायचीच असेल तर आधी ती व्हिनेगर आणि ताठ ब्रशने घासा, सुटे पापुद्रे काढा, भरपूर पाण्याने धुवा आणि काही आठवडे उन्हापावसात ठेवा. जाळी विकत घेताना ‘वेल्डिंग आधी की जस्ताचा थर आधी?’ हा प्रश्न जरूर विचारा. वेल्डिंग करून नंतर थर दिलेली जाळी बरी, कारण तिच्यात सांधेही झाकले जातात.

पावडर कोटिंग केलेला पिंजरा घरासाठी चांगला पर्याय आहे, मात्र कोटिंग सोलायला लागलं की तो बदलायचा. सगळ्यात उत्तम 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टील. महाग असतं, पण मुंबई-कोकणातल्या दमट हवेत पुन्हा पिंजरा घ्यावा लागत नाही, हे हिशोबात धरा. पितळी पिंजरा टाळा. पितळेत तांबं आणि जस्त दोन्ही असतं, आणि त्यावर चढणारा हिरवा कळकट थर विषारी असतो. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी तर नकोच, तिच्यात फिंचची बोटं अडकतात आणि भोकं मोठी असल्याने उंदीर आत येतात. गॅलरीत पिंजरा असेल तर उंदराचा विचार वेगळा करा. अर्ध्या इंचाच्या चौकटीतूनही उंदराचं पिल्लू आत शिरतं.

बांबूचे पिंजरे देखणे असतात, पण त्यांच्या सांध्यांत लाल रंगाच्या बारीक गोचिडी लपतात. दिवसा दिसत नाहीत, रात्री बाहेर येऊन पक्ष्याचं रक्त पितात. घरट्यातल्या पिल्लांना हे जीवघेणं ठरतं. धातूचा पिंजरा उकळत्या पाण्याने धुता येतो. बांबूच्या फटी तशा साफ होत नाहीत.

पिल्लं काढायची असतील तर मात्र सगळ्या बाजूंनी उघडा पिंजरा सोयीचा नाही. तीन बाजू बंद आणि फक्त समोर जाळी अशी पेटी बरी. पाठीमागून कोणी येणार नाही एवढी खात्री पटली की जोडी अंड्यांवर निवांत बसते. सुताराकडून पेटी करून घेणार असाल तर एमडीएफ नको, आपल्या पावसाळ्यात ते फुगतं. चांगला प्लाय आणि आतून सनमायका लावला की पुसायलाही सोपं जातं. तळाच्या ट्रेमध्ये वर्तमानपत्र घाला. वर जाळीची फळी असेल तर ती या काळात काढून ठेवा, कारण घरट्यातून पडलेल्या पिल्लाचा पाय तिच्यात अडकतो.

पेटी कुठे ठेवायची? स्वयंपाकघर सोडून कुठेही. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्यातून निघणारा वायू पक्ष्यांना काही मिनिटांत मारू शकतो. ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायू ओळखायला 1986 पर्यंत कॅनरी पक्षी वापरत होते, ते उगाच नाही.

घरट्यासाठी आपल्याकडे छोटी मातीची मडकी लावतात आणि झेब्रा फिंचला ती आवडतात. आत घालायला सुकं गवत किंवा आखूड कापलेला काथ्या द्या. लांब दोरा किंवा केस पायाला गुंडाळले जातात आणि पाय वाळून जातो. पहिलं अंडं दिसलं की उरलेलं सामान काढून घ्या. नाहीतर जोडी अंड्यांवरच नवा थर रचते, त्यावर पुन्हा अंडी घालते आणि खालची अंडी थंड पडतात. एकाच पिंजऱ्यात दोन-तीन जोड्या असतील तर मडकी जोड्यांपेक्षा जास्त आणि सगळी एकाच उंचीवर लावा. वरच्या मडक्यासाठी मारामाऱ्या होतात.

पिंजरा झाला, आता आत कोण राहणार तेही बघा. झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पण आपल्याकडे मिळणारे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले आहेत. बेंगालीज फिंचही माणसाने घडवलेली जात आहे. तिचा रानटी पूर्वज, पांढऱ्या पाठीची मुनिया, आपल्या सह्याद्रीतही दिसतो. पण ‘फिंच’ म्हणून कोणी लाल मुनिया किंवा रंग लावलेली मुनिया देऊ केली तर घेऊ नका. ते जंगलातून पकडलेले भारतीय पक्षी असतात आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांना पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. जावा स्पॅरो परदेशी आहे, पण साइट्स कराराच्या यादीत असल्याने 2022 च्या दुरुस्तीनंतर त्याची परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

आणि पिंजरा एक नाही, दोन लागतात. झेब्रा फिंच एका वेळी साधारण चार ते सहा अंडी घालते, दोन आठवड्यांच्या आत-बाहेर पिल्लं निघतात आणि तीन आठवड्यांत मडक्याबाहेर येतात. पाच-सहा आठवड्यांची झाली की त्यांना वेगळं करावं लागतं, तोवर मादी पुन्हा अंड्यांवर बसलेली असते. पिल्लंही तीन महिन्यांत वयात येतात, आणि भावंडं एकमेकांत जोडी जमवतात. दोन-तीन वेळा पिल्लं झाली की मडकं काढून घ्या. पण मडकं काढल्याने अंडी थांबतीलच असं नाही, मादी दाण्याच्या वाटीतही अंडी घालते. सतत अंडी घालून तिच्या शरीरातलं कॅल्शियम संपतं आणि एखादं अंडं पोटातच अडकून ती मरते. म्हणून मधे सरकती पट्टी असलेला लांब पिंजरा घेतलेला चांगला. पट्टी घातली की नर एकीकडे, मादी दुसरीकडे; काढली की दोघांना उडायला पूर्ण लांबी मिळते.